अंबाडीवाल्या मॅडम

लोहकरे मॅडमना काहीही सांगितलं की त्या विचारायच्या, "कशावरून?" आज ऊन जास्त आहे म्हटलं तरी कशावरून, चहा गोड झालाय म्हटलं तरी कशावरून. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, बाई भांडखोर आहे. दुसऱ्या आठवड्यात वाटलं, कमी ऐकू येत असेल. मग कळलं की त्यांना खरंच जाणून घ्यायचं असतं. असली माणसं मी फार पाहिलेली नाहीत. माझ्या घरात तर एकही नाही.

मी चाकणजवळच्या निघोज्याची. आमची जमीन कंपन्यांमध्ये गेली. रस्त्याकडेचा एक तुकडा राहिला, त्यावर मुलाने पत्र्याची शेड बांधली आणि एका शेठला भाड्याने दिली. शेठने तिथे जखमेवर बांधायच्या पट्ट्या आणि कापडाच्या घड्या बनवायचं काम काढलं. झाडलोटीला आणि भांडी धुवायला बाई हवी होती, मी गेले. नणंद म्हणाली, आपल्याच जमिनीवर झाडू मारायला लाज वाटत नाही का. मी म्हटलं, झाडू माझ्या जमिनीवरच मारतेय, तुझ्या नाही. पासष्टी उलटली होती, पण गुडघे चालत होते आणि घरी बसून टीव्हीतल्या सासवा बघण्यापेक्षा हे बरं होतं.

शेडच्या मागच्या अंगाला एक खोली होती. दारावर 'लॅब' लिहिलं होतं. चौथी शिकलेय, तेवढं वाचता येतं. त्या खोलीत लोहकरे मॅडम असायच्या. वय चाळिशीच्या पुढे, अंगाने काटकुळ्या, वेणी इतकी घट्ट की कपाळ ओढल्यासारखं दिसायचं. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायच्या. गाव हिंगोलीकडचं. इतकं शिकून डॉक्टर झालेल्या, पण तपासायच्या नव्हे, कापडाच्या डॉक्टर. एवढं शिकून कापडच का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "माझे वडील अंबाडी भिजवून दोर वळायचे, मावशी. त्या कुजक्या पाण्यात माझं लहानपण गेलंय. शाळेत पोरी नाक धरायच्या. तवाच ठरवलं, या सालीचं कायतरी चांगलं करायचं."

अंबाडीची भाजी आम्हीही खातो, पण तिच्या खोडाच्या सालीपासून मऊ कापड होतं हे मला माहीत नव्हतं. मॅडम गावाहून येताना एसटीने सालीचे भारे आणायच्या. स्कूटीच्या मागे दोन्ही बाजूंना भारे बांधून तळवड्याच्या चौकातून यायच्या, तेव्हा ट्रॅफिकवाला त्यांना दर वेळी अडवायचा. त्याला वाटायचं ही झाडूवाली. एकदा त्याने झाडू केवढ्याला म्हणून विचारलं, तर मॅडमनी भारा सोडला आणि त्याला तंतू, साल, गाभा सगळं समजावून सांगितलं. मागे गाड्यांची रांग लागली. त्यानंतर तो त्यांना लांबूनच जा म्हणून हात करायचा.

त्या साल सोड्यात उकळायच्या, धुवायच्या, पिंजायच्या, कापसात मिसळायच्या. मग त्याचं कापड विणून आणायच्या आणि तळहाताएवढे तुकडे करायच्या. इथपर्यंत मला समजत होतं. पुढचं नवल होतं. कोळंबीच्या टरफलांपासून काढलेली एक पांढरी पूड त्या आंबट पाण्यात विरघळवायच्या. खोलीभर गाडीवरच्या नूडल्सचा वास सुटायचा. त्या पाण्यात तुकडे बुडवून वाळवायच्या. कशाला, तर कापडालाच असा गुण यावा की जखमेतले जंतू त्यावर टिकणार नाहीत. नुसतं झाकणारं कापड नको, राखण करणारं पाहिजे, असं त्या म्हणायच्या.

आणि ते जमतंय का हे बघायला त्या जंतू पाळायच्या. खरंच पाळायच्या. ऊब द्यायची, खाऊ घालायचं, वेळेवर बघायचं. काचेच्या बशीत खरवसासारखं पिवळट काहीतरी थिजवलेलं असायचं, ते त्यांचं खाणं. मी सगळी हयात जंतू मारण्यात घालवली, आणि ही शिकलेली बाई त्यांना जेवू घालते. मी तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, "ज्याला मारायचंय त्याची ओळख नको का, मावशी?"

एक दिवस मी बश्या धुवून पालथ्या घातल्या आणि म्हटलं, स्वच्छ झाल्या. त्यांनी अर्थातच विचारलं, कशावरून. मला राग आला. म्हटलं, पन्नास वर्षं भांडी घासतेय, मला कळत नाही होय? त्या वाद घालत बसल्या नाहीत. एक खरवसाची बशी आणली आणि मला साबणाने हात धुवून तिच्यात बोटं टेकवायला सांगितली. दोन दिवसांनी दाखवली. माझ्या बोटांच्या जागी ठिपकेच ठिपके, खसखस सांडावी तसे.

"ही माझी बोटं?"

"हाव."

"धुतलेली?"

"धुतलेली."

मी म्हटलं, आता तुमची टेकवा. त्यांनी टेकवली. दोन दिवसांनी मी चष्मा लावून दोन्ही बश्यांतले ठिपके मोजले आणि सांगितलं, "मॅडम, तुमी तर माझ्यापरीस घाणेरड्या निघाला." त्यांना इतकं हसू आलं की टेबलाला धरून उभं राहावं लागलं. मग त्यांनी दोन्ही आकडे वहीत लिहिले, आधी स्वतःचा. त्या दिवसापासून मी हात धुताना नखांच्या मुळाशी घासायला लागले. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. ती खसखस डोळ्यापुढून जाईना.

त्यांची आणखी एक सवय. औषध लावलेला तुकडा असला की त्याच्या जोडीला एक बिनऔषधाचा, साधा तुकडा असायचाच. दोघांना सारखं धुवायचं, सारखं वाळवायचं, वेगवेगळ्या कागदी पाकिटांत घालून मोठ्या कुकरमध्ये सारखंच वाफवायचं. शेठ कुरकुरायचा की साध्यावर एवढा गॅस कशाला घालवता. त्या म्हणायच्या, साधा नसेल तर दुसऱ्याने काय केलं ते कसं कळणार. वाफवलेली पाकिटं स्टीलच्या डब्यात दोन थप्प्या लावून ठेवायच्या. पाकिटाला एक खिडकी होती, तीतून आतला तुकडा दिसायचा. एका थप्पीतल्या तुकड्यांच्या कोपऱ्याला धाग्याची गाठ असायची, दुसऱ्या थप्पीतल्यांना नसायची. कुठली कसली, हे मी कधी विचारलं नाही. मला ते उघडच वाटत होतं.

आता आमच्या म्हाताऱ्याचा पाय. म्हाताऱ्याला साखर आहे. नव्या चपलेने अंगठ्याला फोड आला, तो त्याला कळलाच नाही, कारण पायाला काही लागलेलं त्याला कळत नाही. मी हळद आणि चुना भरला. आठ दिवसांनी घरात वास यायला लागला. चाकणच्या डॉक्टरने साफ केलं आणि सांगितलं, पंधरा दिवस बघू, जखम भरायला लागली तर ठीक, नाहीतर अंगठा काढावा लागेल, आणि अंगठ्यावर थांबेलच असं नाही. म्हातारा माळकरी, रोज सकाळी मारुतीपर्यंत चालत जाणारा. तो घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजला. मी विचार करत होते की पाय गेला तर याला उचलून संडासला कोण नेणार. उत्तर मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमकडे त्या कापडाचे तुकडे मागितले. त्या नाही म्हणाल्या. मी म्हटलं, तुमचे जंतू त्यावर मरतात, मी पाहिलंय. त्या म्हणाल्या, "बशीत मरतात. माणसाच्या पायावर काय होईल मला माहीत नाही, मनून देत नाही."

"म्हाईत न्हाई तर एवढे दिवस करताय काय?"

"माहीत करून घ्यायलेय."

मला त्यांचा इतका राग आला की दिवसभर बोलले नाही. संध्याकाळी स्कूटी आमच्या दारात. खाली फरशीवर बसल्या, म्हाताऱ्याला विचारून पाय मांडीवर घेतला, नाक जवळ नेऊन वास घेतला. दुखतं का म्हणून विचारलं. म्हातारा म्हणाला, न्हाई. त्या म्हणाल्या, न दुखणं हेच वाईट. हळद-चुना बंद करायला लावला. पाणी उकळून गार करायचं, त्यात मीठ, रोज धुवायचं, स्वच्छ कापड, रोज बदलायचं, पाय जमिनीला टेकवायचा नाही, गोळी चुकवायची नाही, डॉक्टरची तारीख चुकवायची नाही. हे सगळं डॉक्टरनेही सांगितलं होतं. मी हो हो म्हणाले. माझं मन त्या डब्यात होतं.

दुपारी त्या पायरीवर जेवायला बसायच्या आणि मी खोली झाडायची. डब्याला कुलूप नव्हतं, आणि थप्प्या एवढ्या उंच की थोडी पाकिटं कमी झाली तर कळणार नव्हतं. माझ्या सासूबाई दंडाला काळा दोरा बांधायच्या, एकेक गाठ मारताना तोंडाने पुटपुटायच्या. लेकराच्या कमरेला दोरा बांधला तरी गाठ मारल्याशिवाय त्याला गुण नाही, हे मी जन्मापासून पाहत आले. तेव्हा गाठीचा तुकडा तो औषधाचा, हे मला शिकवायला कुणी लागलं नाही. मी गाठीच्या थप्पीतली पाकिटं पदराखाली घालून नेली, दोन-तीन खेपांमध्ये. कोळंबीचं मी म्हाताऱ्याला सांगितलं नाही. माळकऱ्याला सांगून काय करणार, पाय कापल्यावर माळ कुठे चालत जाणार होती.

आता असलं भारी कापड हातात आल्यावर ते वाया घालवायची भीती वाटायला लागली. मी हात दोनदा धुवायला लागले, नखांच्या मुळापर्यंत. पाणी रोज उकळायला लागले. पाकीट अगदी शेवटी फाडायचे. म्हाताऱ्याला खाटेवरून उतरू देईना, त्याने शिव्या दिल्या तरी. आठव्या दिवशी जखमेचा तळ लाल दिसला. पंधराव्या दिवशी डॉक्टर म्हणाला, भरतेय, काढायची गरज नाही. आणखी महिनाभराने नवी कातडी आली, कांद्याच्या पापुद्र्यासारखी.

मी गप्प बसायला हवं होतं. पण मी दूधवाल्याला सांगितलं, किराणावाल्याला सांगितलं, नणंदेला तर मुद्दाम घरी जाऊन सांगितलं. तिसऱ्या दिवशी शेठला कळलं. मला वाटलं आता काढून टाकतो. तो तर खूश. पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्याची माल घेणारी दोन माणसं दुसऱ्याच दिवशी यायची होती. शेठ म्हणाला, आजोबांना घेऊन या, मावशी, पाय दाखवू.

सकाळी म्हाताऱ्याला रिक्षातून आणला. मॅडमना तेव्हा कळलं. त्यांनी मला खोलीत नेलं आणि दार लावलं. त्या रागावलेल्या मी त्याआधी पाहिल्या नव्हत्या, आणि त्या दिवशीही त्यांनी आवाज चढवला नाही.

"पाय गेला असता तर?"

"गेला न्हाई ना."

"गेला असता तर कापडाने गेला का कापड असून गेला, मी काय सांगितलं असतं, मावशी? आणि आजोबांना काय सांगितलं असतं?"

मी उरलेली तीन पाकिटं कनवटीतून काढून टेबलावर ठेवली. चोरी केलीच होती, नाही म्हणण्यात अर्थ नव्हता. त्यांनी एक पाकीट उचललं, खिडकीतून कोपरा पाहिला, दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं. मग खुर्चीत बसल्या.

"सगळे असलेच नेले? गाठीचे?"

"व्हय. औषधाचे."

"गाठ मी साध्याला मारते, मावशी. औषधाच्याला उगा बोट लागू नये मनून."

मी एक पाकीट उचलून तो कोपरा पुन्हा पाहिला. शेठ दार उघडून आत आला होता, त्याने ऐकलं. त्याला समजायला माझ्याएवढाही वेळ लागला नाही. तो अगदी शांतपणे म्हणाला, पाय बरा झालाय हे खरं आहे, कापड आपल्या कारखान्याचं आहे हे खरं आहे, यापुढे कोण विचारतंय. शेठ वाईट माणूस नव्हता. दोन वर्षं तो या खोलीचा खर्च सोसत होता. त्याने हेही सांगितलं की आज काही जमलं नाही, तर ही खोली त्याला ठेवता येणार नाही. मॅडम उठून हात धुवायला गेल्या. मला वाटलं, गप्प बसतील. मी बसले असते.

पाहुणे आले, एक बाई आणि एक पुरुष. म्हातारा खुर्चीत, पाय स्टुलावर, अंगात धुतलेली बंडी, नवरदेवासारखा. शेठने अंबाडीपासून सुरुवात केली आणि पायापर्यंत आला. पाहुण्या बाईंनी वाकून अंगठा पाहिला आणि मॅडमना विचारलं, हे तुमच्या त्या कापडाने झालं का?

मॅडम म्हणाल्या, "नाही. यांना बांधलं ते साधं कापड होतं, त्यात औषध नव्हतं. चुकून गेलं. पाय बरा झाला तो मावशींनी रोज धुतला मनून. औषधाचं कापड अजून माणसावर लावलेलं नाही. त्याचं बशीतलं जे आहे, ते दाखवते." आणि कोळंबीच्या टरफलापासून सगळं सांगायला लागल्या.

म्हाताऱ्याने पाय स्टुलावरून झटकन खाली घेतला. "कोळंबी? अगं, कसली कोळंबी?"

मी म्हटलं, "तुमाला लागली न्हाई. गप बसा."

पाहुण्यांमधला पुरुष हसला. शेठ हसला नाही. पाहुण्यांनी चहा घेतला, बश्या पाहिल्या, कळवू म्हणाले. पुढे काही कळवलं नाही. शेठने आरडाओरड केली नाही. महिनाअखेर खोली मालासाठी लागेल, एवढंच सांगितलं.

मी त्या दिवशी बश्या धुताना मॅडमना म्हटलं, "तुमी येडं काम केलं. दोन वाक्यं गिळली असती तर काय झालं असतं?"

त्या वहीत लिहीत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "दोन वाक्यं गिळली असती तर उद्या कुणीतरी पाय न धुता नुसतं कापड बांधून बसलं असतं. तुमच्यासारखीच एखादी."

मी बश्या पुन्हा एकदा विसळायला घेतल्या.

खोली रिकामी केली त्या दिवशी त्या दुपारी आमच्या घरी आल्या. मला वाटलं निरोप घ्यायला आल्या, म्हणून पोहे टाकायला उठले. त्यांनी मला खाली बसवलं आणि वही काढली. मी कुठल्या भांड्यात पाणी उकळायचे, मीठ मुठीने की चमच्याने, आधी हात की आधी पाणी, पाकीट कधी फाडायचे, जुनं कापड चिकटलं तर काय करायचे. दोन तास. मी सांगायची आणि त्या माझ्याच शब्दांत लिहायच्या. एकदाही कशावरून म्हणाल्या नाहीत. माझं काम कुणी असं विचारून लिहून घेतलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मुलगा आत मोबाईल बघत होता, तोही बाहेर येऊन उभा राहिला.

मग त्यांनी विचारलं, "एखादा दिवस चुकला का?"

मी नाही म्हणणार होते. म्हटलं, "नववा दिवस. भाचीचा साखरपुडा होता पुनावळ्याला. धुतला न्हाई. आल्यावर धुतला म्हणून सांगितलं मी ह्यांना."

म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. मॅडमनी नववा दिवस लिहिला, त्यापुढे रिकामी जागा सोडली आणि दहाव्या दिवशी जखम कशी दिसत होती ते विचारायला लागल्या. मी आठवून सांगितलं. कड पांढरी झाली होती, थोडी चिकट. हेही लिहिलं. पोहे खाल्ले, ताट स्वतः धुतलं.

त्या आता कुठे आहेत मला नक्की माहीत नाही. कुठल्यातरी कॉलेजात लागल्या असं शेठ म्हणाला, त्यालाही ऐकूनच. ते कापड निघालं का, दवाखान्यात पोहोचलं का, तेही माहीत नाही. मेडिकलच्या दुकानात गेले की मी विचारते, पोरगं नाही म्हणतं.

त्या दिवशी पोहे झाल्यावर मी त्यांना सोडायला रस्त्यापर्यंत गेले. नेहमीसारखी चाकणकडून ट्रेलरची रांग लागली होती, इंचभर हलत नव्हती. मॅडमची स्कूटी कडेने निघाली, पुढे गेली, आणि चौथ्या-पाचव्या ट्रेलरपाशी थांबली. मला वाटलं बंद पडली. तर ड्रायव्हरने खिडकीबाहेर हात टाकला होता, त्याला कसलीतरी मळकी चिंधी गुंडाळलेली होती, आणि या बाई खाली उभ्या राहून त्याच्याशी बोलत होत्या. तो नाही नाही म्हणत होता. मग त्याने हात खाली सोडला. त्यांनी स्कूटी स्टँडला लावली, पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि ती चिंधी हळूहळू उलगडायला लागल्या. रांग हलली. मागचे सगळे हॉर्न वाजवायला लागले. ड्रायव्हर पुढे बघत होता, मागे बघत होता. त्यांनी मान वर केली नाही.